वाकून ऐकलेलं

चेहरा पांढरा पडण्यातून माणसाला काय काय मिळू शकतं हे ठाणाकुशनूरच्या बुद्धरत्न गुरुजींच्या ध्यानात येईपर्यंत त्यातलं निम्मंअधिक त्यांना मिळून गेलेलं होतं. लग्नाच्या मांडवात पुढची खुर्ची, चहाचा पहिला कप, आणि रस्त्यानं जाताना कट्ट्यावरच्या माणसांचं उगीचच सावरून बसणं. शिवाय सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे गुरुजींसमोर खोटं चालत नाही ही ख्याती, जी गावातल्या जमीनवाल्या घरांनाही तीन पिढ्यांत कमावता आली नव्हती. आणि त्यासाठी गुरुजींना करावं लागत होतं ते एवढंच, की दुपारी विहाराच्या कट्ट्यावर मांडी घालून बसायचं आणि अधूनमधून पांढरं पडायचं. मराठी शाळेतली नोकरी चालू होती तेव्हापासूनच लोक भांडणं घेऊन त्यांच्याकडे येत. तालुक्याचं कोर्ट लांब, तिथला कागद कानडी, आणि गुरुजींचा निवाडा फुकट. बांधाची भांडणं, शेळीची भांडणं, सासूसुनांची तर रोजचीच. गुरुजी दोन्ही बाजू ऐकत, आणि ऐकता ऐकता एखाद्याच्या बोलण्यावर त्यांच्या तोंडावरून चुन्याचा हात फिरल्यासारखा रंग उडत असे. कपाळावर घाम, ओठ थरथरणारे, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं तोंडातून शब्द नाही. पहिल्यांदा हे बारा वर्षांपूर्वी ग्यानबाच्या वेळी झालं. शेजारणीची शेळी स्वतःच्या गोठ्यात बांधून ग्यानबा पुटपुटत होता, "मला काय ठाऊक, मी तर शेतात हुतो." गुरुजी पांढरे पडले. ग्यानबानं तो चेहरा पाहिला, मागं सरकला आणि म्हणाला, "असं बघू नगा गुरुजी, सोडतो शेळी." झालं. त्यानंतर गावानं पडताळा घेतला नाही. उत्तर एकदा बरोबर आल्यावर रीत तपासायची नसते असं पोरांना कधी न शिकवणारे गुरुजी स्वतः मात्र तेच करून बसले.

आतून त्यांना जे वाटायचं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोटात डाव्या बाजूला एक टाप वाजायची. मग तो घोडा फासळ्यांवरून गळ्यापर्यंत चढायचा, कानशिलात उधळायचा, आणि त्याच्या मागोमाग भीती यायची. कशाची म्हणाल तर कशाचीच नाही. समोर कडुनिंबाची सावली, चहाचे रिकामे कप, ओळखीची माणसं, आणि मध्ये ही बिनमालकाची भीती. बिननावाची गोष्ट घरात किती दिवस ठेवणार? गुरुजींनी तिला नाव दिलं, खोटं. समोरचा खोटं बोलतोय, ते माझ्या अंगाला कळतंय. नाव दिल्यापासून भीती जरा माणसाळली. आपल्यात काही बिघडलेलं नसून आपल्याला काही जास्तीचं मिळालेलं आहे, असं वाटण्यात जे सुख असतं ते गुरुजींनी पुरेपूर उपभोगलं. त्यांच्या बायकोनं, मंगलनं, मात्र या ख्यातीवर कधी विश्वास ठेवला नाही. "खोटं बोलल्यावर पांढरं व्हतंय म्हणता," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "मंग परवा बुटाची नाडी बांधताना कामून झालं? बूट खोटं बोलला का?" गुरुजी हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चपला वापरायला सुरुवात केली.

धक्का बसला तो कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला, डोळ्याच्या ऑपरेशनाच्या टेबलाशेजारी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, तेवढा काढून संध्याकाळी मुलीच्या घरी जायचं ठरलं होतं. गुरुजी खाटेवर बसलेले, दंडाला बीपीचा पट्टा, समोर भूल देणाऱ्या नेत्रावती डॉक्टर, तोंडावर मास्क. आधीच बाईंचा आवाज बारीक, त्यात मास्क. गुरुजींचा डावा कान लहानपणापासून बंद. त्यामुळे ते नेहमीच्या सवयीनं डावी मूठ पोटात रोवून, कमरेतून वाकून, उजवा कान पुढं करून ऐकू लागले, आणि टाप वाजली. घोडा चढला. घाम फुटला. गुरुजींच्या मनानं सवयीनं निवाडा दिला : ही बाई खोटं बोलायलीय. आणि त्याच क्षणी, कानात उधळण चालू असताना, बाईंचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं. त्या विचारत होत्या, "सर, सकाळी काय खाल्लं?" प्रश्न. प्रश्न खोटा कसा असेल? चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाला मरणाच्या उंबऱ्यावर हीच शंका यावी, यात नवल नाही. पट्ट्याच्या यंत्रावर दोनशे छप्पन्न आकडा आला होता आणि बाई कुणाला तरी हाका मारत होत्या, तेव्हा गुरुजी मनाशी घोळवत होते, की विधान खोटं असू शकतं, आज्ञा खोटी नसते, प्रश्न तर नसतोच नसतो. मग श्वास पाण्यात बुडाल्यासारखा झाला, तोंडात गुलाबी फेस आला, आणि व्याकरण तिथंच थांबलं.

पाच दिवस ते अतिदक्षता विभागात होते. सहाव्या दिवशी सामान्य वॉर्डात आणलं. चोवीस तासांची लघवी एका पांढऱ्या कॅनमध्ये जमवली गेली. तो कॅन मंगलनं पदराखाली झाकून प्रयोगशाळेपर्यंत असा नेला, की पाहणाऱ्याला वाटावं ताक आहे. पोटाचा फोटो निघाला. मग नेत्रावती डॉक्टर येऊन खाटेच्या कडेवर बसल्या आणि आपल्या कानडी-दखनी-मराठीत म्हणाल्या, "किडनी म्याल गड्डी अद, सर. किडनीच्या वरती गड्डी आहे."

"गड्डी?" मंगल म्हणाली. "नोटांची?"

बाई खळखळून हसल्या. "नोटांची असती तर काय पाहिजे होतं! उळ्ळागड्डी, उळ्ळागड्डी. कांदा. एवढा." त्यांनी मूठ दाखवली. किडनीवर टोपीसारखी एक ग्रंथी असते, त्या सांगू लागल्या. साप दिसला की ती रक्तात एक रस सोडते, मग छाती धडधडते, माणूस पळतो, वाचतो. गुरुजींच्या ग्रंथीत ही गाठ झाली होती. तिला सापाची गरज नव्हती. दाबलं की ती रस फेकायची, दहा सापांइतका. गुरुजींच्या हृदयाचे स्नायू त्यानं दमून गेले होते. पुढचा झटका आला तर हृदय थांबेल नाही तर मेंदूत रक्त फुटेल. काढायला गेलं तरी हात लागताच ती सगळा रस एकदम ओतेल, म्हणून आधी दोन-तीन आठवडे गोळ्या, भरपूर मीठ, भरपूर पाणी, मग ऑपरेशन. "आजपर्यंत कुणी बीपी बघितलं नाही?"

"बघितलं की. दवाखान्यात सरळ बसून बघितलं तर बरंच असायचं."

"आणि हे कधी व्हायचं?"

गुरुजींनी खाली पाहिलं. "लोक खोटं बोलले की."

बाई हसल्या नाहीत. "बसायचे कसे? दाखवा." गुरुजी मांडी घालून बसले, मूठ पोटाकडे गेली, उजवा खांदा पुढं आला, तेवढ्यात बाईंनी त्यांचा खांदा घट्ट धरला. "बस, बस! वाकू नका. कळलं." खांद्यावरचा तो हात गुरुजींना पुढं कितीतरी दिवस जाणवत राहिला. कट्ट्यावर कुणीतरी खांदा असा एकदा धरला असता तर!

मुलगी रूपाली कडगंचीच्या विद्यापीठात ग्रंथालयात होती. तिच्या दोन खोल्यांत ते तीन आठवडे काढायचे ठरले. दिवस थंडीचे होते. खिडकीबाहेर तुरीच्या शेंगा वाळत पडलेल्या, त्यांचा कडकडीत वास उन्हाबरोबर आत यायचा. गोळ्यांनी नाक चोंदायचं, उभं राहिलं की भिंत जरा लांब जायची, आणि मंगल तासातासाला मिठाचं ताक आणून समोर धरायची. पण घोडा थंड झाला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा गुरुजींच्या पोटात कुणी राहत नव्हतं. एवढी शांतता त्यांना माहीतच नव्हती. ती त्यांना आवडली, आणि आवडली याचीच जरा लाज वाटली. कारण या शांततेत बसून ते दुसरं कामच काय करणार? ते जुने निवाडे काढून बघू लागले. आपण कुणासाठी वाकत होतो? जो मोठ्यानं बोलतो त्याच्यासाठी वाकावं लागत नाही. चन्नबसप्पा व्यापाऱ्याचा आवाज वेशीपर्यंत जायचा. तो चार वेळा भांडणात आला, चारही वेळा गुरुजी ताठ बसून राहिले, त्यांचा चेहरा तुकतुकीत राहिला, आणि चन्नबसप्पा चारही वेळा खरा ठरला. गौरम्मा दोनदा आली. ती पदर तोंडावर धरून बोलायची. गुरुजी दोनदा वाकले, ती दोनदा खोटी ठरली, आणि तिचं म्हणणं काय होतं ते आता आठवायला गेलं तर आठवत नव्हतं, कारण ते त्यांनी ऐकलंच नव्हतं, कानात टापा होत्या. ग्यानबा खोटा होता हे खरं, पण तो हळू बोलला म्हणून सापडला. म्हणजे बारा वर्षं गावात आवाजाचा न्याय चालला होता आणि तो आपल्या पोटातून चालला होता. हा विचार आला की गुरुजींना हसू यायचं, हसू आलं की वाईट वाटायचं, आणि तेवढ्यात मंगल ताक घेऊन यायची.

पण हे सगळे हिशेब ते करत होते ते एका हिशेबापाशी पोचायला नको म्हणून. नऊ वर्षांपूर्वी आई गेली, कलाबाई. गुरुजी शाळेच्या कामाला बिदरला गेले होते, मंगल माहेरी होती. घरी धाकटा भाऊ विलास. गावात बोललं गेलं की म्हातारी एकटीच गेली, विलास त्या वेळी फाट्यावर चहा पीत होता. विलास म्हणाला, मी उशाशी होतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना झाली, मेणबत्त्या जळत होत्या, गाथा म्हणून लोक बसले होते, आणि विलास पुढं येऊन भावासमोर बसला. रडून रडून त्याचा आवाज बसलेला. मुळात तो घरात सगळ्यांत हळू बोलणारा, आईसारखा. तिचा आवाज असा, की चुलीपुढं बोलली तर धुरालाच ऐकू जावा. "अण्णा," विलास म्हणाला, "आईनं जाताना सांगितलंय. म्हणली, थोरल्याला म्हणावं..." आणि गुरुजी ऐकायला वाकले. टाप वाजली. मेणबत्त्यांच्या उजेडात त्यांचा चेहरा सगळ्यांना दिसला. कुणीतरी मागून म्हणालं, "बस्स, विलास." विलास थांबला. त्याचं वाक्य उघडंच राहिलं. त्यानं आधी भावाच्या तोंडाकडे पाहिलं, मग लोकांच्या. आठव्या दिवशी तो बायको-मुलांसह बिदरला नौबादमध्ये राहायला गेला. गुरुजींनी त्याला ते वाक्य पुन्हा विचारलं नाही. खोट्याचा उरलेला भाग कशाला विचारायचा?

आता तो भाग त्यांना हवा होता. ऑपरेशनला सहा दिवस राहिले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की टेबलावर काहीही होऊ शकतं. मरणाची भीती वाटते का हे गुरुजींनी स्वतःला विचारून पाहिलं, आणि त्यांना कळेना, की वाटली तरी ती आपली आहे की गाठीची हे ओळखायचं कसं. पण वाक्य अर्धं सोडून जायचं ही गोष्ट गाठीची नव्हती. ती त्यांची होती, याबद्दल शंका नव्हती. "विलासला फोन लाव," ते मंगलला म्हणाले.

"लावलाय," मंगल म्हणाली. "तुमी आयसीयूत हुता तवाच लावलाय. रोज लावायलाव आमी. तुमी बोलवायची वाट बघायलाय त्यो."

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडापासून आवाज आला, "अण्णाऽऽ! घर कुठलं म्हणायचं?" आणि दोन घरांतली माणसं दारात आली. विलास आत शिरला तो शेवेची पुडी घेऊन, केस पिकलेले, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. तो नौबादच्या चौकात क्रूझर गाड्यांसाठी पॅसेंजर पुकारत असे, हे गुरुजींना ठाऊक होतं. पण पुकारताना त्यांनी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"जय भीम अण्णा. वाळलास की रे!"

"जय भीम. हळू बोल, शेजारी प्रोफेसर राहतेत. आवाज कामून एवढा वाढलाय तुझा?"

"हळू बोलल्यावर काय व्हतंय ते बघितलंय की मी," विलास म्हणाला आणि हसला. "चौकात हळू बोललो तर गुलबर्ग्याला कोण जातंय?"

मंगलनं भाकरी, शेंगाचटणी पुढं ठेवली. विलास जेवत होता, हुमनाबादच्या रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलत होता, आणि गुरुजी त्याच्या ओठांकडे पाहत होते. वाकावं लागत नव्हतं. शब्द न् शब्द आपणहून येत होता. तरी यातला एकही आवाज त्या लहानपणच्या भावाचा नव्हता, हे त्यांना टोचत राहिलं. शेवटी ते म्हणाले, "विलास, आई काय म्हणली होती?"

विलासचा घास हातात राहिला. "आत्ता विचारायलास व्हय?"

"चुकलो. माझ्या पोटात गड्डी होती. तू खोटं बोलला नव्हतास."

"मी खोटं बोललो नव्हतो हे मला ठाऊक हाय की. तू मला सांगायलास का?" मग त्यानं घास खाल्ला, सावकाश, पाणी प्याला, आणि म्हणाला, "ऑपरेशन झाल्यावर सांगतो."

"आणि मी न्हाई आलो भायेर तर?"

"तर माझी नऊ वर्सं फुकट गेली म्हणायचं. म्हणून तर म्हणायलोय, भायेर ये."

"भावजी, आसं काय करता," मंगल म्हणाली, "सांगून टाका की आत्ताच."

"न्हाई वैनी. नऊ वर्सं ठेवलंय, आणखी पाच-सा दिवसांनी नासत न्हाई ते." तो उठला, आणि जाताना दारात थांबून त्यानं भावाच्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. त्या चेहऱ्यावर रंग होता. विलासला ते पटलं असावं. गल्लीत गेल्यावर तो मोठ्यानं खाकरला.

ऑपरेशनाच्या सकाळी, नाकावर मुखवटा बसताना, गुरुजींनी स्वतःला एवढंच बजावलं, की आईचं वाक्य बाहेर बाकड्यावर बसलंय. पुढचं त्यांना नेत्रावती डॉक्टरांकडून कळलं. सर्जननं गाठ उचलली तेव्हा आकडा दोनशे नव्वदच्या वर गेला, तिची शीर बांधली तेव्हा पन्नासवर आला, आणि अर्धा तास त्या एका हातानं खाली आणत, दुसऱ्या हातानं वर ओढत होत्या. "तुमच्या भावानं तिकडं ओरडून ओरडून गोंधळ घातला," त्या म्हणाल्या. "पूरा वॉर्ड को पता चल गया, कौन अंदर है."

तिसऱ्या दिवशी विलास आत आला. गुरुजी पाठीवर पडलेले, पोटावर टाके, दंडाला पट्टा. विलास डाव्या बाजूला, बंद कानाकडे, खिडकीपाशी उभा राहिला आणि घसा साफ करू लागला. गुरुजी वाकू शकत नव्हते. टाक्यांनी त्यांना उताणं खिळून टाकलं होतं, आणि तसे खिळलेले असताना त्यांच्या लक्षात आलं, की आयुष्यात आपण एकदाही समोरच्याला म्हणालो नाही, या बाजूनं ये. "विलास," ते म्हणाले, "इकडून ये. उजवीकडून. आणि ओरडू नको."

विलास खाटेला वळसा घालून आला. बसला. तोंड त्यांच्या कानाशी आणलं. मग जो आवाज आला तो चौकातला नव्हता. तो फाटला होता, कडेनं चिरफाळला होता, पण आत तोच होता, चुलीपुढचा. "आई म्हणली, थोरल्याला म्हणावं, दवाखान्यात जा. त्येचं त्वांड पांढरं पडतंय. गाव म्हणतंय त्येला खोटं कळतंय. खोटं न्हाई कळत रे, काय न्हाई. लेकरू दुखण्यात हाय माझं. त्येला म्हणावं, वाकू नगं." विलास थांबला. "एवढंच. मग पाणी मागितलं. प्याली न्हाई."

गुरुजी घोड्याची वाट पाहत पडून राहिले. पोटात टाके दुखत होते, बाकी काही नव्हतं. दंडावरचा पट्टा आपोआप फुगला, घट्ट झाला, सैल झाला. यंत्रावर एकशे चोवीस आलं. विलासनंही तो आकडा पाहिला. "खरं निघालं म्हणायचं," तो हळू म्हणाला, आणि दोघं हसले, गुरुजी जपून, टाक्यांना धरून. पांढरं पडून मिळवलेलं सगळं गावात जिथल्या तिथं होतं, खुर्ची, पहिला कप, ख्याती. परत गेल्यावर कट्ट्यावर बसून ते एकेक परत करायचं होतं, सुरुवात गौरम्मापासून. मोतीबिंदू तर अजून डोळ्यातच होता, त्याचा कुणी विषयही काढला नव्हता. एका डोळ्यानं धूसर, एका डोळ्यानं लख्ख, ते भावाच्या गळ्यावरच्या त्या दोरीसारख्या शिरा पाहत होते. बारा वर्षं रंग त्यांच्या चेहऱ्याचा जात होता, आणि भरपाई करत होती हळू बोलणारी माणसं. विलासनं आपला आवाज घातला. आणि त्याच्याही आधी, सगळ्यांत हळू बोलणाऱ्या कलाबाईनं आपलं शेवटचं वाक्य.